रुळांमधले अंतर : एका मापाची दोन शतकांची कथा

१/
१२ एप्रिल २०१६. भल्या पहाटे लातूरच्या स्थानकात एक मालगाडी येऊन थांबली. तिच्या दहा टाक्यांमध्ये मिरजेहून भरून आणलेले सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. दुष्काळाने कोरड्या पडलेल्या शहराला रेल्वेने पाणी पुरवण्याची ती पहिली खेप. टाक्या सज्ज झाल्या होत्या राजस्थानातील कोटा येथे, पाणी होते कृष्णेचे, आणि वाट होती मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर अशी सुमारे ३४२ किलोमीटरची. या संपूर्ण प्रवासात ते पाणी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात ओतावे लागले नाही.

२/
हे शेवटचे वाक्य साधे वाटते. पण जेमतेम दहा वर्षे आधी ते खरे ठरले नसते. कारण या वाटेचा बराचसा भाग तेव्हा अवघ्या अडीच फुटी रुळांचा होता आणि कोट्याच्या त्या टाक्या त्यावर उभ्याही राहू शकल्या नसत्या. दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतराला ‘गेज’ म्हणतात. हे अंतर बदलले की गाडी थांबते, पुढे माणसाच्या पाठीवरून माल जातो. हे अंतर कोणी ठरवले, ते सगळीकडे एक का नव्हते, आणि एक करण्यासाठी कोणी काय मोजले, याची ही कथा.

३/
प्रथम एका लोकप्रिय दंतकथेचा निकाल लावू. आज जगातील निम्म्याहून अधिक लोहमार्ग ४ फूट ८॥ इंच, म्हणजे १,४३५ मिलिमीटर रुंदीचे आहेत. हे माप रोमन रथांच्या चाकांवरून आले, असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. घोड्याने ओढायच्या गाड्यांची रुंदी सर्वत्र साधारण पाच फुटांच्या आसपास राहते, एवढेच त्यात तथ्य. अठराव्या शतकात इंग्लंडच्या कोळसा खाणींमध्ये घोड्यांनी ओढायच्या रूळवाटा होत्या. पण त्यांची रुंदी खाणीगणिक वेगळी होती. रोमचा वारसा असता, तर ती एकच असती.

४/
खरा उगम अधिक साधा आहे. ईशान्य इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ किलिंगवर्थ नावाची कोळसा खाण होती. तेथील रूळवाट सुमारे ४ फूट ८ इंचांची होती. याच खाणीवर जॉर्ज स्टीफन्सन हा यंत्रज्ञ कामाला होता आणि १८१४ मध्ये त्याने आपले पहिले वाफेचे इंजिन याच रुळांवर चालवले. पुढे १८२५ मध्ये स्टॉक्टन–डार्लिंग्टन लोहमार्ग बांधताना त्याने सवयीचेच माप घेतले. त्यामागे कोणतेही शास्त्र नव्हते. हाताशी जे होते, त्यावर काम झाले.

५/
१८३० मध्ये लिव्हरपूल–मँचेस्टर मार्ग सुरू झाला. वळणांवर चाके रुळांना घासू नयेत म्हणून तेथे अर्धा इंच वाढवला गेला आणि ४ फूट ८॥ इंच हे माप सिद्ध झाले. हा मार्ग एवढा यशस्वी ठरला की नव्या कंपन्या स्टीफन्सन पिता-पुत्रांकडे आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या अभियंत्यांकडे धावू लागल्या. इंजिने त्यांच्याच कारखान्यांतून येत. प्रत्येक नव्या मार्गाने जुने माप उचलले, कारण शेजारचा मार्ग त्याच मापाचा होता. खाणीची सवय अशा रीतीने देशाची सवय बनली.

६/
या सवयीला आव्हान दिले इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल या तरुण अभियंत्याने. लंडन ते ब्रिस्टल असा ‘ग्रेट वेस्टर्न’ मार्ग त्याच्याकडे सोपवला गेला होता. कोळशाच्या गाड्यांसाठी जन्मलेले माप वेगवान प्रवासी गाड्यांनी का पाळावे, असा त्याचा प्रश्न होता. त्याने ७ फुटांचे माप निवडले. ते पुढे पाव इंचाने वाढले. रूळ रुंद असतील तर चाके मोठी ठेवता येतील, गाडी स्थिर राहील, इंजिन अधिक बलवान करता येईल, असा त्याचा विचार होता. १८३५ चा जो कायदा करून संसदेने या मार्गाला मान्यता दिली, त्यात रुळांच्या रुंदीची अटच नव्हती.

७/
आणि ब्रुनेलचे म्हणणे खोटे नव्हते. १८३८ मध्ये पॅडिंग्टन ते मेडनहेड हा पहिला टप्पा सुरू झाला, १८४१ मध्ये गाड्या थेट ब्रिस्टलला पोहोचल्या. त्या काळातील सर्वांत वेगवान आणि सर्वांत आरामशीर गाड्यांमध्ये त्यांची गणना होत असे. आपला मार्ग हे एक स्वतंत्र राज्य आहे, त्याची इतरांशी सांगड घालण्याची गरज पडणार नाही, असा ब्रुनेलचा समज होता. त्याची चूक यंत्रात नव्हती, नकाशात होती. लोहमार्गाची किंमत त्याच्या लांबीपेक्षा तो कोणाकोणाला जोडला जातो यावर ठरते, हे तेव्हा फार थोड्यांना उमगले होते.

८/
१८४४ मध्ये ती चूक ग्लॉस्टर येथे उघडी पडली. ब्रिस्टलकडून सात फुटी रूळ आले, बर्मिंगहॅमकडून ४ फूट ८॥ इंची, आणि एकाच स्थानकात ते समोरासमोर ठाकले. प्रवाशांनी सामानसुमान घेऊन गाडी बदलावी, मालाचे प्रत्येक नग उतरवून, मोजून, पुन्हा चढवावे. पेट्या फुटत, भांडीकुंडी तडकत, काही माल वाटेतच नाहीसा होई. पाहणीसाठी प्रतिष्ठित मंडळी आली तेव्हा गोंधळ अधिक भीषण दिसावा म्हणून आधीच हलवलेला माल पुन्हा उतरवून दाखवला गेला, अशी आख्यायिकाही आहे.

९/
१८४५ मध्ये सरकारने तीन जणांचा आयोग नेमला. त्यात राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी होते. दोन्ही मापांच्या इंजिनांची प्रत्यक्ष शर्यत लावण्यात आली. ब्रुनेलच्या बाजूने धावले ‘इक्सियन’ नावाचे इंजिन. वेग, स्थैर्य, ओढण्याची शक्ती या साऱ्यांत रुंद रुळांची बाजू वरचढ ठरली, आणि आयोगाने वेगाच्या बाबतीतले हे श्रेष्ठत्व आपल्या अहवालात मान्यही केले. एवढे झाल्यावर निकाल ब्रुनेलच्या बाजूने लागायला हवा होता.

१०/
तो तसा लागला नाही. आयोगासमोर आणखी दोन आकडे होते. देशात त्या वेळी सुमारे १,९०० मैल मार्ग अरुंद मापाचे होते आणि सुमारे २७४ मैल रुंद मापाचे. अरुंद मार्ग रुंद करायचे तर पूल, बोगदे, फलाट सारेच मोडावे लागणार. रुंद मार्ग अरुंद करायचे तर रूळ आत सरकवले की झाले. म्हणून देशाचे माप ४ फूट ८॥ इंचच असावे, अशी शिफारस झाली. अधिक चांगले माप हरले आणि अधिक पसरलेले माप जिंकले. गेजच्या इतिहासाचे सारे मर्म या निकालात आहे.

११/
१८४६ च्या कायद्याने ब्रिटनसाठी ४ फूट ८॥ इंच आणि आयर्लंडसाठी ५ फूट ३ इंच ही मापे ठरली. मात्र खास कायद्याने सवलत मिळवण्याची फट राहिली आणि ग्रेट वेस्टर्नने ती पुरेपूर वापरली. ब्रुनेल १८५९ मध्ये वारला; त्याचे रूळ त्याच्यामागे ३३ वर्षे टिकले. मे १८९२ मध्ये एका शनिवार-रविवारी चार हजारांहून अधिक कामगारांनी पश्चिमेकडचा उरलेला सारा मार्ग सरकवला. शुक्रवारी शेवटची रुंद गाडी पॅडिंग्टनहून सुटली. सोमवारी नव्या मापाची वाहतूक सुरू झाली.

१२/
अमेरिकेने हाच धडा अधिक मोठ्या प्रमाणावर गिरवला. पेनसिल्व्हेनियातील ईरी या गावी दोन मापे भेटत. १८५३ मध्ये ती एक करण्याचे ठरताच गावकऱ्यांनी रूळ उखडले, कारण माल बदलण्यावर आणि खोळंबलेल्या प्रवाशांवर गावाची रोजीरोटी चालत होती. दक्षिणेकडील राज्यांत ५ फुटी रूळ होते. ३१ मे आणि १ जून १८८६ या दोन दिवसांत अकरा हजार मैलांहून अधिक मार्गावरचा एकेक रूळ तीन इंच आत सरकवण्यात आला. आतल्या बाजूचे खिळे आधीच ठोकून ठेवले होते, म्हणून हे शक्य झाले.

१३/
आता हिंदुस्थान. १८४८ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून आलेला लॉर्ड डलहौसी त्याआधी इंग्लंडच्या व्यापार मंडळात होता आणि रेल्वेचा कारभार त्याच्याच खात्याकडे होता. गेजचा सारा झगडा त्याने जवळून पाहिला होता. त्यामुळे येथे पहिला रूळ पडण्याआधीच त्याने ठाम भूमिका घेतली : या देशात माप एकच असावे आणि ते पहिल्याच दिवशी ठरावे. इंग्लंडने केलेला घोळ कोऱ्या पाटीवर पुन्हा लिहिण्याचे कारण नव्हते.

१४/
कंपनीच्या संचालकांच्या मनात इंग्लंडचेच माप होते. सरकारचे सल्लागार अभियंता सिम्स यांनी ५ फूट ६ इंच सुचवले. डलहौसीला ६ फूट हवे होते. स्थैर्य, प्रशस्त डबे आणि बलवान इंजिनांसाठी पुरेशी जागा ही रुंद मापामागची कारणे होती. अखेर ५ फूट ६ इंच, म्हणजे १,६७६ मिलिमीटर, हे माप मुक्रर झाले. इंग्लंडमध्ये ब्रुनेलची बाजू कायद्याने हरली. पण तिच्यातील तत्त्व काही अंशी हिंदुस्थानात उतरले. येथे आधीपासून पसरलेले माप नव्हते, म्हणून गुणांचा विचार करण्याची मुभा होती.

१५/
१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याकडे जी गाडी सुटली, ती याच मापाच्या रुळांवरून. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, २१ तोफांची सलामी आणि ३४ किलोमीटरचा प्रवास. जी. आय. पी. रेल्वेच्या उभारणीत जगन्नाथ शंकरशेट यांचा वाटा मोठा होता. पुढच्या बारा वर्षांत बोरघाट आणि थळघाट या दोन्ही घाटांतून हेच रूळ सह्याद्री ओलांडून देशावर गेले. एक देश, एक माप हा डलहौसीचा संकल्प तोवर जवळजवळ अभंग होता. बडोदे संस्थानातील बैलांनी ओढायची अडीच फुटी गाडी यासारखे अपवाद किरकोळ होते.

१६/
संकल्प मोडला तो पैशाने. सुरुवातीच्या इंग्रज कंपन्यांना सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. नफा झाला नाही तरी व्याज ठरलेले. ते भरायचे येथील रयतेच्या महसुलातून. त्यामुळे काटकसर करण्याची कोणाला निकड नव्हती आणि मैलागणिक खर्च फुगत गेला. १८६९ मध्ये व्हाइसरॉय म्हणून आलेल्या लॉर्ड मेयोने सरकारनेच मार्ग बांधायचे धोरण पुढे नेले. मात्र तिजोरी तोकडी होती. विरळ वाहतुकीच्या प्रदेशात स्वस्त मार्ग बांधायचे, नाहीतर मुळीच बांधायचे नाहीत, असा पेच त्याच्यापुढे होता. स्वस्त म्हणजे अरुंद, हे त्यावरचे उत्तर.

१७/
किती अरुंद, यावर समितीतही एकमत नव्हते. कोणी २ फूट ९ इंच म्हणत होते, कोणी ३ फूट ६ इंच. मेयोने ३ फूट ३ इंच धरले. त्याच सुमारास सरकार हिंदुस्थानात दशमान मापे आणण्याच्या विचारात होते, म्हणून त्यात किंचित भर घालून पुरता एक मीटर करण्यात आला. पहिला मीटरगेज मार्ग दिल्ली–रेवाडी १८७३ मध्ये सुरू झाला. त्याआधीच वर्षभर अंदमानात मेयोची हत्या झाली होती. दशमान मापांचा तो बेत मात्र बारगळला. बाजारात मीटर यायला १९५६ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. रुळांमध्ये तो त्र्याऐंशी वर्षे आधीच येऊन बसला होता.

१८/
मीटरगेजचे गुण खरे होते. १८७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात दरभंग्याकडे धान्य नेण्यासाठी घाईने टाकलेला मार्ग मीटरगेजच होता. मुख्य ब्रॉडगेज मार्गांना मिळणाऱ्या या उपनद्या असतील, अशी कल्पना होती. पण उपनद्या एकमेकींना मिळाल्या आणि त्यांचे स्वतंत्र खोरे तयार झाले. १९५०-५१ मध्ये भारतात ब्रॉडगेज २५,२५८ किलोमीटर, मीटरगेज २४,१८५ किलोमीटर आणि नॅरोगेज ४,१५३ किलोमीटर होते. डलहौसीच्या नियमाला केलेला अपवाद जवळजवळ नियमाएवढा मोठा झाला होता.

१९/
मराठी मुलखाने हा भेद रोज सोसला. पुण्याहून दक्षिणेस मिरज, बेळगाव, लोंढ्याकडे जाणारा सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग मीटरगेज. १८८८ मध्ये पूर्ण झालेला मुरगाव बंदर ते कॅसलरॉक हा गोव्याचा मार्ग मीटरगेज. निजामाच्या राज्यातून औरंगाबादमार्गे मनमाडला येणारा मार्गही मीटरगेज. त्यामुळे मराठवाड्याचा कापूस मुंबईला निघाला की मनमाडला अडे. तेथे गाठोडी उतरवायची, मोजायची, पलीकडच्या ब्रॉडगेज वाघिणीत भरायची. दोन्हीकडच्या वाघिणींची क्षमता वेगळी, म्हणून हिशेब जुळत नसे. एका बाजूला रिकाम्या वाघिणी उभ्या आणि दुसऱ्या बाजूला मालाचे ढीग, हे नेहमीचे दृश्य. त्या रिकाम्या वाघिणी पलीकडे नेता येत नव्हत्या.

२०/
मापभेदाची सर्वांत कठोर परीक्षा दुसऱ्या महायुद्धात झाली. ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे जाणारी रसद कलकत्त्याहून ब्रॉडगेजने निघे आणि उत्तर बंगालमधील पार्वतीपूर येथे मीटरगेजवर चढवली जाई. पुढे ब्रह्मपुत्रा नावेने ओलांडायची. आघाडी पेटली असताना दारूगोळा आणि धान्य या एका स्थानकात तुंबत असे. १८७० च्या दशकात वाचवलेला पैसा सत्तर वर्षांनी असा व्याजासह वसूल होत होता. अखेर १८४४ च्या ग्लॉस्टरचा गोंधळ १९४४ मध्ये निस्तरण्यासाठी अमेरिकी सैन्याची रेल्वे पथके या मार्गावर आणावी लागली.

२१/
तरीही अरुंद रूळ टाकणारे सारे अदूरदर्शी होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बार्शीचे उदाहरण घ्यावे. कापसाची ही भरभराटीची पेठ, पण जी. आय. पी. चा मार्ग तिला वगळून गेला आणि जवळचे स्थानक वीस मैलांवर राहिले. एव्हरर्ड कॅलथ्रॉप हा अभियंता पूर्वी याच रेल्वेत नोकरीला होता. अडीच फुटी रूळ, हलकी पोलादी पट्टी आणि कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार नाही, अशा शास्त्रशुद्ध आखणीने छोटी रेल्वेही भरपूर माल वाहू शकते, असे त्याचे प्रतिपादन होते. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही ‘बार्शी लाइट रेल्वे’ सुरू झाली आणि त्याचे म्हणणे खरे ठरले.

२२/
ब्रॉडगेज येथे त्या काळी कोणीच आणले नसते. निवड रुंद आणि अरुंद यांमध्ये नव्हती. अरुंद रूळ आणि बैलगाडी यांमध्ये होती. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोहोचली आणि वारकऱ्यांची झाली. १९११ मध्ये लातूरला गेली, १९२७ मध्ये मिरजेला. दोनशे मैलांचा हा पसारा वाढत गेला तसा कॅलथ्रॉपचा हिशेब उलटू लागला. आरंभी कुर्डुवाडीला एकदा माल बदलणे परवडत होते. ट्रक आल्यावर बार्शीचा कापूस थेट मुंबईला जाऊ लागला आणि ‘बार्शी लाइट’ हे नाव संथपणाच्या थट्टेचा विषय बनले. रूळ तेच होते; भोवतालचे जग बदलले होते.

२३/
मिरजेत हा सारा इतिहास एकाच आवारात दिसत असे. १९७१ मध्ये पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ब्रॉड, मीटर, नॅरो अशी तिन्ही मापे तेथे शेजारी शेजारी नांदू लागली. हौशी अभ्यासकांना तो अपूर्व देखावा होता, हमालांना तिप्पट कष्ट. मराठवाड्यात रुंदीकरणाची मागणी अनेक दशके गाजली, कारण उद्योग कोठे उभा राहणार हे रुळांच्या रुंदीवर ठरत होते. १ एप्रिल १९९२ रोजी ‘युनिगेज’ प्रकल्प सुरू झाला. बहुतेक सारा देश ५ फूट ६ इंचांवर आणायचा, म्हणजे १८५० च्या मूळ निर्णयाकडे परतायचे, असे ठरले.

२४/
परतीची वाट सोपी नव्हती. अमेरिकेने रूळ तीन इंच आत सरकवले होते. येथे रुंदी दोन-तीन फुटांनी वाढवायची होती. पूल नवे बांधायचे, वळणे सैल करायची, भराव रुंद करायचा, स्थानके उचलायची. काही गावांची रेल्वे काम चालू असताना दीर्घकाळ बंद राहिली. काही छोट्या वाटा कायमच्या मिटल्या. नेरळ–माथेरानसारखी दोन फुटी डोंगरगाडी उरली, कारण तेथे अरुंद असणे हीच गरज आहे. मनमाड–औरंगाबाद, मिरज–लोंढा आणि गोव्याचा मार्ग १९९० च्या दशकात रुंद झाले. बार्शी लाइटचे रूळ टप्प्याटप्प्याने बदलत २०१० च्या सुमारास काम पुरे झाले.

२५/
या कथेला एक मिस्कील वळण आहे. ८ जून २०१४ रोजी मुंबईची पहिली मेट्रो वर्सोवा–घाटकोपर मार्गावर धावली. तिचे रूळ आहेत १,४३५ मिलिमीटरचे, म्हणजे १८५० मध्ये नाकारलेले स्टीफन्सनचे ४ फूट ८॥ इंच. जगभर मेट्रोचे डबे आणि यंत्रसामग्री याच मापाची तयार मिळते, हे त्यामागचे मोठे कारण. घाटकोपरला मेट्रो जेथे थांबते, तेथे खालून १८५३ चा बोरीबंदर–ठाणे मार्ग जातो. किलिंगवर्थच्या खाणीची सवय आणि डलहौसीचा निर्णय त्या एका स्थानकात वर-खाली उभे आहेत. पुन्हा एकदा अधिक पसरलेले मापच निवडले गेले.

२६/
माप कोणते, याला तसे फारसे महत्त्व नाही. ब्रुनेलच्या रुळांवर गाड्या उत्तम धावल्या, मेयोच्या आणि कॅलथ्रॉपच्याही. प्रश्न येतो तो दोन मापे भेटतात त्या जागी. तेथील तोटा माप ठरवणाऱ्याच्या वहीत कधीच दिसत नाही. तो ग्लॉस्टरच्या फुटलेल्या पेट्यांत, मनमाडच्या हमालाच्या पाठीवर आणि पार्वतीपूरला अडलेल्या धान्यात दिसतो. रूळ टाकताना वाचलेली रक्कम एका वर्षाच्या अंदाजपत्रकात मावली. ती फेडताना शंभराहून अधिक वर्षे गेली.

२७/
लातूरला त्या पहाटे पोहोचलेली गाडी पुढे पन्नास टाक्यांची झाली. एका खेपेस सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी घेऊन ती येत राहिली. मार्ग काही ठिकाणी बदललेला, रूळ नवे. पण वाट बहुतांशी तीच, जी एकेकाळी अडीच फुटी गाडीने कापूस आणि वारकरी घेऊन तुडवली होती. दुष्काळ आधीही पडत होते आणि कृष्णा आधीही वाहत होती. त्या दोहोंच्या मध्ये तीन फुटांचा फरक होता. तो मिटला होता, म्हणून पाणी पोहोचले.

(समाप्त)